बहिष्काराची झळ : कापूस, कापड आणि मजूर

परदेशी मालावरील बहिष्काराचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन ठिकाणी उभे राहून सांगितला जातो. एक तर पुढाऱ्याच्या व्यासपीठावरून, नाही तर माल न घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यावरून. आज मी आपणांस तिसऱ्या जागी नेणार आहे. ज्याच्या हातून तो माल निघतो, ज्याच्या पाठीवरून तो वाहिला जातो, ज्याच्या शेतात त्याचा कच्चा माल पिकतो, त्या माणसाचे बहिष्काराने काय झाले, हे पाहावयाचे आहे. वाशीमच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्याचे कारण उघड आहे. सीतादही करून वेचणीला लागावे, कापूस गाडीत भरून कारंज्याच्या बाजाराला न्यावा आणि त्याच बाजारातून दुसऱ्याने विणलेले कापड विकत आणावे, असा आपल्या मुलखाचा तीन पिढ्यांचा व्यवहार होता. जगात कुठेही कोणी कापडावर किंवा कापसावर बहिष्कार घातला की त्याचा धक्का या व्यवहाराच्या एका ना एका टोकाला बसल्याशिवाय राहत नसे.

‘बॉयकॉट’ हा शब्द तसा तरुण आहे. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावकऱ्यांनी सर्व संबंध तोडले. मजुरांनी पीक काढावयाचे नाकारले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. शेवटी बाहेरून सुमारे पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणाला लष्कर आणावे लागले. सुमारे पाचशे पौंडांचे पीक वाचविण्यासाठी दहा हजार पौंड खर्च झाले, असा हिशेब तेव्हापासून सांगतात. येथे ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच, की या पहिल्या बॉयकॉटमध्ये मजूर हा बहिष्कार घालणारा होता; सोसणारा नव्हता. आपला ‘बहिष्कार’ शब्द मात्र याहून पुष्कळ जुना, आणि त्याचा वास वेगळा आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो कापसासाठीच, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. पुढे आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेथील लक्षावधी कामगार बेकार होऊन धर्मादायाच्या सूपवर जगू लागले. तरीसुद्धा १८६२ च्या डिसेंबरच्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंबा दिला, आणि लिंकनने त्यांना आभाराचे पत्र धाडले. उपाशी माणसाने स्वतःच्या भाकरीपेक्षा दुसऱ्याचे स्वातंत्र्य मोठे मानावे, असे प्रसंग इतिहासात थोडे. पण याच काळात वऱ्हाडातील कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता! तिकडे चूल थंड, इकडे ज्वारीच्या रानात कापूस. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि आमच्या शेतकऱ्याला प्रथमच कळले की आपल्या बांधावरील सुखदुःखाची दोरी समुद्रापलीकडे कोणाच्या तरी हाती आहे. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे गेली. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. तीही मुख्यतः कापसाच्या गाठींसाठीच.

त्याच रुळांवरून उलट दिशेने गिरणीचे सूत आणि कापड आले. गावोगाव जाडेभरडे कापड विणणारे लोक होते. कोष्टी आणि मोमीन यांची नावे आपण घेतो. परंतु वऱ्हाड-नागपूरकडे महार समाजातील असंख्य कुटुंबे सूत काढून आणि खादी विणून पोट भरीत, हे आपण सोयिस्करपणे विसरतो. त्यांचा माग कोणी बहिष्कार घालून बंद पाडला नाही. स्वस्त कापडाने तो बंद पाडला. १८७७ च्या जानेवारीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा यातील कित्येक हात तिच्या दाराशी उभे राहिले.

१९०५ साली वऱ्हाडात सरकारने एक फेरबदल केला. १८७५ पासून स्वतंत्र असलेला वाशीम जिल्हा मोडून त्याचा मुलूख शेजारच्या जिल्ह्यांत वाटून टाकला. त्याच वर्षी बंगालचीही फाळणी झाली. आमच्या फाळणीसाठी कोणी कापड जाळले नाही, आणि जिल्हा परत मिळावयास १ जुलै १९९८ उजाडावा लागला, असो. बंगालच्या फाळणीने मात्र देश पेटला. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला, ऑक्टोबरात पुण्यास विलायती कपड्यांची होळी झाली. सावरकरांना त्यापायी दहा रुपये दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी पत्करावी लागली. लोकमान्यांनी बहिष्काराला राजकीय शस्त्राचे रूप दिले, आणि अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांमुळे ते वारे वऱ्हाडातही पोचले.

आता मुंबईच्या गिरणगावात जाऊ. स्वदेशीच्या लाटेने देशी कापडाला मागणी वाढली. योगायोग असा की त्याच सुमारास पुष्कळ गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. पूर्वी सूर्य मावळला की यंत्र थांबे; सूर्य हाच कामगाराचा एकमेव कायदा होता म्हणा ना. दिवे आले आणि तोही कायदा संपला. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. गिऱ्हाईक देशासाठी जाडेभरडे धोतर नेसत होते, मालक नफा मोजीत होता, आणि ते धोतर विणणारा कोकणातला, घाटावरचा गडी पहाटे चाळीतून निघून रात्री परतत होता. कामाच्या तासांवर बंधन घालण्याची भाषा मँचेस्टरवाले करीत, ती आपल्या स्पर्धकाचे पाय ओढण्यासाठी. म्हणून आपल्याकडील अनेक राष्ट्रवाद्यांना ती भाषाच संशयास्पद वाटे. संशय खोटा नव्हता. पण त्या संशयाच्या आडोशाला पंधरा तासांचा दिवस सुखाने नांदला, हेही खोटे नाही. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनवर डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्न मतपत्रिका जोडून प्रौढ कामगाराच्या तासांना थेट मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली, आणि हंगामी कारखाने, म्हणजे आपल्याकडील जिन-प्रेस, कायद्याच्या कक्षेत अधिक प्रमाणात आले. ज्या जिनांत कापूस रेचणाऱ्या बायका हंगामात रात्रंदिवस खपत, त्यांच्यापर्यंत कायदा कागदावर तरी पोचला.

एवढे सोसूनही १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेला नाही. रस्त्यावर गोळ्या झेलल्या त्या त्याने. स्वदेशीने ज्याला पंधरा तास राबविले, त्यानेच स्वदेशीच्या पुढाऱ्यासाठी रोज बुडविला. मला हा प्रसंग नेहमी विचारात पाडतो. कामगाराला आपले हित कळत नव्हते, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. मला वाटते, त्याला ते कळत होते, आणि त्यापलीकडचेही काही कळत होते.

तथापि ‘कामगार’ म्हणून एकच एक माणूस नव्हता. गिरणीत अधिक मजुरी विणकाम खात्यात. मुंबईत त्या खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण धागा तुटला की तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई! म्हणजे ज्याच्या बापजाद्यांचा गावातला माग गिरणीने मोडला, त्यालाच गिरणीच्या मागाजवळ बसण्याची मनाई. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न पुढे केला. स्वदेशी कापडाची मागणी वाढली तेव्हा जी चार पैशांची बढती मिळाली असेल, ती या दाराबाहेरच थांबली होती.

आणि येथेच त्या जुन्या शब्दाकडे यावयाचे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट कमिटीने, जिचे आंबेडकर सदस्य होते, नोंदविले आहे की अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते : जमीन काढून घेणे, काम बंद करणे, वाट अडविणे, इतकेच काय, गावच्या वाण्याने मीठ-मिरचीसारख्या गरजेच्या वस्तू विकावयाचे थांबविणे. ती कमिटी मुंबई इलाख्याची होती. पण वऱ्हाडच्या श्रोत्यांना हे वर्णन परक्या मुलखाचे वाटेल असे मला वाटत नाही. ज्या वर्षी शहरातला ग्राहक परदेशी दुकानदाराचा माल घेत नव्हता, त्याच वर्षी खेड्यातला दुकानदार आपल्याच गावच्या मजुराला माल देत नव्हता. दोन्हीला नाव एकच. फरक आहे तो बळाचा : एकात दुबळा सबळाकडे पाठ फिरवितो, दुसऱ्यात सबळ दुबळ्याच्या तोंडचा घास काढतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावयास २०१६ साल यावे लागले.

१९३० चा बहिष्कार १९०५ पेक्षा फार शिस्तीचा. दुकानांपुढे निरोधन करण्यास स्त्रिया उभ्या राहिल्या. अवंतिकाबाई गोखले, हंसा मेहता, पेरीन कॅप्टन ही त्यांतली नावे. मुंबईचा मुळजी जेठा मार्केटसारखा कापडबाजार वारंवार बंद पडे. व्यापाऱ्याच्या गाठी गोदामात राहिल्या तरी त्याला थांबणे परवडते. गाठ उचलणाऱ्या हमालाला ती हलली तरच मजुरी. काँग्रेसने गिरण्यांचीही यादी केली : अमुक अटी मान्य करील ती स्वदेशी, न करील ती बहिष्कार्य. इंग्रजी व्यवस्थेखालील काही गिरण्यांना टाळे लागले आणि त्यांतील मराठी कामगार रस्त्यावर आला. १९२९ चा संप फसल्यानंतर आधीच खचलेला तो माणूस. त्याचा संसार स्वराज्याच्या जमाखर्चात कोणत्या खात्यावर मांडला गेला?

१२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे उभा राहून जो चिरडला गेला, तो बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा, आणि व्यवसायाने गिरणी कामगार. बहिष्काराची झळ आणि बहिष्काराची ज्वाला अशी एकाच चाळीत राहत होती.

आकडे पाहिले तर परिणाम डोळ्यांत भरतो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनचे सुमारे ३०० कोटी वार कापड दरवर्षी हिंदुस्थानात येई. १९२९-३० मध्ये ते १२४ कोटी ८० लाख वारांवर होते, आणि १९३०-३१ मध्ये ५२ कोटी ३० लाखांवर आले. ही सारी करामत बहिष्काराची, असे मात्र मी म्हणणार नाही. जागतिक मंदी होती, जपानची स्पर्धा होती, वाढलेली जकात होती. तरीही लँकेशायरच्या कामगाराला दिसत होता तो गांधींचा बहिष्कारच. म्हणून १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेतून वेळ काढून डार्वेनला गेले. बेकारांच्या घोळक्यात बसून त्यांनी सांगितलेल्याचा आशय असा, की तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे जवळजवळ तीस कोटी माणसे वर्षातून सहा महिने रिकामी बसतात. गिरणीतील बायकांनी त्यांना वेढून जयघोष केल्याचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. त्या घोषाने गिरणी सुरू झाली नाही, पण आपली रोजी ज्याच्यामुळे गेली असे वाटते त्याचे म्हणणे उभे राहून ऐकून घेणे, हे १८६२ च्या त्या सभेच्या नातवंडांना शोभणारेच होते.

आणि मग पाळी आमच्यावर आली. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. उमरावतीवरून त्याला मुंबईच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. लँकेशायरला तो फारसा नकोच असे; त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान. १९३३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनेतर कापडावरील जकात शेकडा ७५ वर नेली, देशी गिरण्यांच्या रक्षणासाठी. जपानच्या सूतगिरणीवाल्यांनी लगेच ठराव केला : हिंदी कापूस घ्यावयाचा नाही. बहिष्काराचे शस्त्र आता दुसऱ्याच्या हातात होते आणि लक्ष्य होता वाशीम-कारंज्याचा कास्तकार. मंदीने कापसाचे भाव आधीच पडलेले. त्यात वेचणीचा हंगाम तोंडावर. गाठीला गिऱ्हाईक नाही तर जिनाला काम नाही, जिनाला काम नाही तर रेचणारणीला रोज नाही, आणि वेचणाऱ्या बाईला मजुरी देताना मालकाचा हात आखडता. मुंबईच्या विणकऱ्याची भाकरी वाचविणारी जकात वऱ्हाडच्या मजुराच्या ताटातून वजा होत होती.

शिमल्यास आणि दिल्लीस महिनोन् महिने वाटाघाटी चालल्या. १९३४ च्या जानेवारीत तडजोड झाली : जपानने दहा लाख गाठी कापूस घ्यावा आणि साडेबत्तीस कोटी वार कापड धाडावे, पंधरा लाख गाठी घेतल्यास चाळीस कोटी वारांपर्यंत. जपानी बहिष्कार उठला तेव्हा त्या हंगामाचे निम्मे दिवस उलटून गेले होते. करार १९३७ च्या मार्चपर्यंत चालला, पुढे वाढविला गेला. १९४१ च्या जुलैत जपानची मालमत्ता गोठविली गेली आणि तो व्यापार थांबला. आखूड धाग्याच्या कापसाचे गिऱ्हाईक गेले ते गेले. पुढच्या वर्षी ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम सुरू झाली, आणि पुष्कळ रानांत कापसाच्या जागी पुन्हा ज्वारी उभी राहिली.