स्टिअरिंग हलकं कसं झालं

१९६३ च्या शेवरोले कॉर्व्हेटच्या पुढच्या चाकांमागून वाकून पाहिलं, तर पॉवर स्टिअरिंगचा सगळा संसार उघड्यावर मांडलेला दिसतो. स्टिअरिंगचा गिअरबॉक्स साधाच, निव्वळ हाताच्या जोरावर चालणारा. त्याच्या आर्मच्या टोकाला व्हॉल्व्ह, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला एक सिलिंडर, त्या सिलिंडरचा रॉड चासीवरच्या ब्रॅकेटला अडकवलेला आणि या सगळ्यांतून फिरणारे चार होज पाइप. धूळ, चिखल, इंजिनाची धग असं सगळं या भागांनी साठ वर्षं सोसलं आहे. त्यामुळे बहुतेक गाड्यांत कुठून ना कुठून तेल पाझरतंच. ही यंत्रणा बदलण्याचं काम आज जगभरातले कॉर्व्हेटवाले करतात. ते का करावं लागतं, हे समजायला मात्र शंभर वर्षं मागे जावं लागतं.

फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर. लादलेला ट्रक वळवताना ड्रायव्हरचे खांदे कसे भरून येतात, हे त्याने रोज पाहिलेलं. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला छोटं वर्कशॉप थाटलं आणि तेलाच्या दाबाने चाकं वळवायचा ध्यास घेतला. दाबाखाली कोंडलेलं तेल वाट काढतंच, ही त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांची डोकेदुखी होती. डेव्हिसने उलटा विचार केला. त्याने व्हॉल्व्ह एरवी उघडाच ठेवला. पंपाकडून आलेलं तेल दाबाशिवाय फिरून परत टाकीत जाईल आणि ड्रायव्हरने चाक फिरवलं की तेवढ्यापुरती वाट अडून दाब चढेल, अशी ही रचना. आजचं हायड्रॉलिक स्टिअरिंग याच कल्पनेवर उभं आहे.

१९२६ साली त्याने ही यंत्रणा बसवलेली आपली गाडी जनरल मोटर्सला दाखवली. कंपनीला कल्पना पटली, पण मंदी आली आणि एवढा खर्च कुठल्याच गाडीला परवडेना. मग दुसऱ्या महायुद्धाने दार उघडलं. जनरल मोटर्सच्याच शेवरोलेने ब्रिटिश सैन्यासाठी बांधलेल्या स्टॅगहाउंड चिलखती गाडीत पॉवर स्टिअरिंग होतं. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ते मिळालं १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये, आणि तेही डेव्हिसच्या पेटंटांची मुदत संपल्यावर त्यांच्याच आधाराने. डेव्हिसची कल्पना आधी पाहिलेली जनरल मोटर्स वर्षभर मागे राहिली. ज्या माणसाने पंचवीस वर्षं या एका गोष्टीला दिली, त्याचं नाव गाड्यांच्या शौकिनांनाही ठाऊक नसावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ट्रकसाठी सुचलेली ही युक्ती पुढे ट्रक-बसलाही मिळालीच. आपल्याकडे पुण्याजवळ वढू बुद्रुकला झेडएफ स्टिअरिंग गिअर कंपनी तेच बनवत आली आहे.

कॉर्व्हेटला पहिली दहा वर्षं पॉवर स्टिअरिंग नव्हतंच. १९६३ मध्ये कॉर्व्हेटची स्टिंग रे ही नवीन पिढी आली तेव्हा ते जादा पैसे भरून मिळू लागलं. त्या वर्षीच्या एकवीस हजारांवर गाड्यांपैकी जेमतेम तीन हजार जणांनी ते घेतलं. स्पोर्ट्स कारमध्ये रस्ता हाताला कळला पाहिजे, हा तेव्हाचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. शेवरोलेनेही नवा गिअरबॉक्स न बनवता आपल्या मोठ्या गाड्यांतली बाहेरून जोडायची स्वस्त पद्धत उचलली. एक गोष्ट मात्र नामी केली. चाकाच्या आर्मला टाय रॉडसाठी दोन भोकं ठेवली. मागच्या भोकात रॉड लावला तर गुणोत्तर २०.२ ला १, पुढच्या भोकात लावला तर १७.६ ला १. पॉवर स्टिअरिंगच्या गाड्या पुढचं भोक वापरत, म्हणून स्टिअरिंग हलकं तर होईच, शिवाय चटकन वळे.

या यंत्रणेचा जीव त्या व्हॉल्व्हमध्ये आहे. त्याच्या टोकाच्या टोपीखाली एक नट असतो. सिलिंडरचा रॉड ब्रॅकेटपासून सोडवायचा, इंजिन चालू करायचं आणि रॉडकडे पाहत नट फिरवायचा. रॉड बाहेर सरकू लागतो. उलट फिरवला की आत जाऊ लागतो. या दोन जागांच्या बरोबर मध्ये नट आणून सोडायचा. हे नीट जमलं नाही, तर गाडी आपणहून एका अंगाला ओढते. अनुभवी मेकॅनिक हे काम अगदी सावकाश करतो, कारण नटाच्या किंचित फरकानेही रॉड झटक्यात सरकतो आणि जवळ असलेली बोटं चेंगरतात.

गंमत म्हणजे शेवरोलेच्या मोठ्या गाड्यांना साठच्या दशकातच दाब आतल्या आत पेलणारा गिअरबॉक्स मिळाला. कॉर्व्हेट मात्र १९८२ पर्यंत जुन्याच पद्धतीवर राहिली. आजचं अपग्रेड ती राहिलेली पायरी चढतं. नवा गिअरबॉक्स चासीच्या मूळ भोकांवर बसतो. बाहेरचा सिलिंडर आणि व्हॉल्व्ह निघतात, चार पाइपांऐवजी दोनच उरतात. काही जण रॅक अँड पिनियन बसवतात. ते चपळ असतं, पण टाय रॉडचे आतले सांधे सस्पेन्शनच्या चापाशी जुळले नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप वळतात. तिसरा मार्ग विजेचा. तो १९८८ मध्ये सुझुकीच्या छोट्या सर्व्होमधून आला. त्यात स्टिअरिंगच्या दांड्यावर मोटर असते आणि तेलाचा प्रश्नच राहत नाही. जग्वार ई-टाइपचे मालक हल्ली ती डॅशबोर्डखाली बसवून घेतात.

कॉर्व्हेटसाठी माझं मत गिअरबॉक्सच्याच बाजूने आहे. चासीत कापाकापी नाही, वेल्डिंग नाही आणि डेव्हिसचं तेल आहे तिथेच फिरत राहतं. काढलेला व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि ब्रॅकेट मात्र नटबोल्टांसकट पुसून, चिठ्ठ्या लावून ठेवावेत. पुढच्या मालकाला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी असेल, तर तो एका शनिवार-रविवारात ते पुन्हा चढवू शकेल.