सळई, मेण आणि मुलींचे हायस्कूल

लोखंडी सळई स्टँडला आडवी बसवायची, तिला मेणाने सारख्या अंतरावर टाचण्या चिकटवायच्या आणि एका टोकाखाली स्पिरिटचा दिवा ठेवायचा. ज्योतीजवळची टाचणी आधी पडते, मग पुढची. उष्णतेच्या वहनाचा हा प्रयोग न आठवणारी हुजूरपागेची विद्यार्थिनी विरळाच. शेजारी तितक्याच जाडीची तांब्याची सळई ठेवली, तर तिच्यावरचे मेण खूप पुढपर्यंत वितळते. तांब्याची उष्णतावाहकता लोखंडाच्या सुमारे ५ पट आहे. प्रयोग अठराव्या शतकातला. कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची, करून पाहिला यान इंगेनहाउस या डच वैद्याने.

मुलींच्या बाकांपर्यंत तो पोचायला मात्र बराच काळ गेला. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर, नारायण पेठेत वसलेली आपली शाळा १८८४-८५ मध्ये सुरू झाली, ती न्या. रानडे, डॉ. भांडारकर आणि वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने. मुलग्यांच्या हायस्कुलाच्या धर्तीवरचा तिचा अभ्यासक्रम अनेकांना खुपला. १८८७ मध्ये टिळकांच्या 'मराठा' पत्राने त्यावर टीका केली: मुलींना देशी भाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम पुरे, शाळाही दिवसभर नको, तीनच तास असावी, म्हणजे घरकाम शिकायला वेळ उरेल. उलट स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे आगरकरांनी मांडले. (केसरीचे बिऱ्हाड पुढे ज्या गायकवाड वाड्यात आले, तोही याच पेठेतला. भांडण शेजारचेच म्हणायचे!)

मला या वादातली गंमत वाटते ती अशी, की घरकाम म्हणजे तरी काय? चुलीवरच्या पातेल्याला सांडशी का लागते, झाऱ्याची मूठ लाकडी का, कालथा कढईत विसरला की हात का भाजतो, हे सगळे त्या सळईचेच धडे. मुलींना ते हाताला ठाऊक होते. त्यामागचे कारण शिकवायचे की नाही, एवढाच प्रश्न होता.

तो लवकर सुटला नाही. स्वातंत्र्यानंतरही अनेक शाळांतून मुलींना सामान्य गणित आणि गृहशास्त्राकडे वळवले जाई. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे सर्वांना गणित-विज्ञान सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. त्या तुकडीतल्या मुलींना सळई टाळायची सोयच उरली नव्हती.