लघुआकार बिनतारी यांत्रिक कळफलक

लघुआकार बिनतारी यांत्रिक कळफलक हा उजवीकडील अंकपट्टा वगळून लहान केलेला, संगणकाला तारेविना जोडला जाणारा कळफलक होय. यातील प्रत्येक कळ स्वतंत्र स्प्रिंगयुक्त स्विचवर बसवलेली असते. माउस हलवण्यास मेजावर अधिक जागा उरत असल्याने संगणकीय खेळ खेळणारे असा कळफलक पसंत करतात.

आकार

पूर्ण आकाराच्या अमेरिकी कळफलकावर १०४ कळा असतात. अंकपट्टा काढल्यावर ८७ कळा उरतात. '६० टक्के' प्रकारात साधारण ६१ कळा असून त्यात एफ१ ते एफ१२ व बाणांच्या स्वतंत्र कळा नसतात. ही कामे 'एफएन' कळ दाबून करावी लागतात. '६५ टक्के' प्रकारात बाणांच्या कळा कायम राहतात. '४० टक्के' प्रकारात आकड्यांची ओळही नसते.

स्विच

रेषीय स्विच अडथळ्याविना खाली जातो, स्पर्शसूचक स्विच मध्येच हलका अडथळा देतो आणि टिकटिक स्विच त्यासोबत आवाजही करतो. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेतील लाल, तपकिरी व निळा हे अनुक्रमे या तीन प्रकारांचे नमुने आहेत. लाल स्विचचा एकूण प्रवास ४ मिमी असून २ मिमीवर कळ नोंदली जाते. वेगवान खेळांसाठी बहुधा रेषीय स्विच निवडला जातो.

बिनतारी जोडणी

२.४ गिगाहर्ट्झ ग्राहीद्वारे जोडलेले अनेक कळफलक सेकंदाला १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला, माहिती पाठवू शकतात. ब्लूटूथमध्ये विलंब सामान्यतः अधिक असतो. त्यामुळे ते लेखनासाठी पुरेसे असले तरी चुरशीच्या खेळांसाठी ग्राही सोयीचा ठरतो. भारतात बिनतारी कळफलकांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे.

मराठी टंकलेखन

इन्स्क्रिप्ट मांडणीत 'ड', 'ढ', 'च' आणि 'ट' ही अक्षरे उजव्या बाजूच्या विरामचिन्हांच्या कळांवर आहेत. विंडोजच्या मराठी मांडणीत 'ॅ' हे चिन्ह तसेच 'ज्ञ', 'त्र', 'क्ष' व 'श्र' ही अक्षरे शिफ्टसह आकड्यांच्या ओळीवर येतात. '६० टक्के' कळफलकावर या सर्व कळा असल्याने मराठी लेखन अडत नाही. '४० टक्के' कळफलकावर मात्र त्या एफएन स्तरात जातात किंवा वगळल्या जातात. खेळात हालचालीसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू, ए, एस व डी या कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे 'ै', 'ो', 'े' आणि '्' ही चिन्हे असतात. त्यामुळे काही खेळ सुरू करण्यापूर्वी मांडणी इंग्रजीत बदलावी लागते.

निवडीचे निकष

मराठी लेखन आणि खेळ या दोन्हींसाठी एकच कळफलक घ्यायचा असल्यास आकड्यांची पूर्ण ओळ, बाणांच्या कळा आणि २.४ गिगाहर्ट्झ ग्राही असलेला '६५ टक्के' प्रकार अधिक उपयुक्त ठरतो. अनेक कळा एकाच वेळी दाबल्या असता प्रत्येक कळ नोंदली जाते का, चार्जिंग सुरू असताना कळफलक तारेने वापरता येतो का आणि स्विच झाळकामाविना बदलता येतात का, हेही पाहिले जाते.