निशाणकाठीचा हिंवाळा

बर्फ पडणाऱ्या देशांत ध्वजस्तंभाची हिंवाळ्यांतील काळजी म्हणजे दोरीवर गोठणारें पाणी आणि कप्पींत बसणारा बर्फ यांची काळजी होय. बारामती व इंदापूर या तालुक्यांत त्यांतलें कांहींच नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा मुलूख. थंडींत आकाश निरभ्र, वारा मंद, दिवस कोरडे. ध्वजाला याहून सुखाचा ऋतु कोणता, असें कोणासहि वाटेल. परंतु या सुखांतच त्याचें दुखणें आहे. जानेवारींत पहांटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारीं तिसाजवळ चढतो. वारा पडलेला असल्यामुळें कापड रात्रभर काठीला बिलगून राहतें, दंवानें भिजतें, दिवसां कडक उन्हांत वाळतें, आणि काठी लोखंडी असेल तर तिच्या गंजाचा डाग अंगावर घेतें. नीरेच्या डाव्या कालव्यानें येथें उसाचें रान केलें; त्या ओल्या पट्ट्यांत तर सकाळीं पान न् पान निथळत असतें. पावसाची एखादी सर निशाण सहज सोसतें. रोजचें भिजणें आणि रोजचें करपणें त्याला सोसत नाहीं.

श्रोतेहो, आपल्या पूर्वजांना हें ठाऊक होतें काय? लिहून ठेवलेलें शास्त्र आपल्यापुढें नाहीं. पण निशाण केव्हां बाहेर काढावें आणि केव्हां आंत न्यावें, याचा एक रिवाज मात्र होता, आणि तो बराच शहाणपणाचा होता.

'ध्वजस्तंभ' हा शब्द आज सर्रास चालतो. जुन्या मराठींत मोठ्या निशाणाला 'ढाल' म्हणत आणि किल्ल्यावर तें ज्या काठीवर चढे ती 'ढालकाठी'. वार झेलणारी ती ढाल, एवढाच अर्थ ठाऊक असलेला वाचक जुनीं कागदपत्रें चाळूं लागला कीं, ढाल उभी केली, ढाल पुढें चालली, अशा ठिकाणीं हमखास अडखळतो. या ढालेचें वर्ष ठरलेलें असे. दसऱ्याला सीमोल्लंघन झालें कीं फौजा बाहेर पडत; नद्यांना उतार झालेला, वाटा वाळलेल्या, घोड्यांना चारा मुबलक. पावसाळा तोंडावर आला म्हणजे परतावयाचें किंवा छावणी करावयाची. म्हणजे हिंवाळा हा निशाणाच्या चाकरीचा काळ आणि पावसाळा हा त्याच्या विसाव्याचा. पानपतची लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ रोजीं, ऐन थंडींत.

पुणें, सुपें आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरींतले. सुपें संभाजी मोहित्यांच्या ताब्यांत होतें. तें शिवाजी महाराजांनीं १६५६ मध्यें घेतलें. आज सुपें बारामती तालुक्यांत मोडतें, आणि तेथील एक काठी अजूनहि हिंवाळ्यांतच प्रवासाला निघते. माघी पौर्णिमेला जेजुरीस खंडोबाच्या शिखराला काठ्या भेटविण्याची चाल आहे. संगमनेरच्या होलमांची, सुप्याच्या खैऱ्यांची, होळकरांची, अशा मानाच्या शिखरकाठ्या त्या दिवशीं गडावर चढतात. रंगीत वस्त्रांनीं सजविलेली ती उंच काठी गर्दींतून तोलीत नेऊन शिखराला टेकविणें हें दुबळ्या वेळूचें काम नव्हे, आणि दुबळ्या मनगटाचेंहि नव्हे.

तेव्हां आतां वेळूविषयीं दोन शब्द, कारण निशाणाची अर्धी काळजी कापडाची आणि अर्धी काठीची. वेळू तोडावयाचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत. वाढीच्या दिवसांत त्याच्या अंगीं पिष्ट पुष्कळ असतें, आणि वेळू पोखरणारा किडा त्या पिष्टावरच जगतो. तोडलेला वेळू कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेविला म्हणजे पिष्ट बरेंच धुऊन निघतें. मग तो सावलींत वाळवावयाचा. उन्हांत घाई केली कीं तो उभा चिरतो. मुळाशीं ओल आणि वर कोरडें ऊन, अशी स्थिति काठीला सर्वांत घातक. म्हणून जी काठी वर्षांतून एकदां निघते आणि एरवीं छपराखालीं आडवी राहते, ती पुष्कळ वर्षें टिकते. आमच्या गच्च्यांवर आणि चौकांत बारमास उभ्या असणाऱ्या काठ्यांना हें भाग्य नाहीं.

कापडाच्या बाबतींत रंगाची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. हळद आणि कुसुंबा हे रंग दिसावयास देखणे, पण उन्हापुढें त्यांचा टिकाव लागत नाहीं. गेरूचें तसें नाहीं. गेरू ही लोहाची माती. ऊन तिचें कांहींएक बिघडवूं शकत नाहीं. धुतल्यानें मात्र ती उतरते. वारकऱ्याची पताका गेरूच्या रंगाची, आणि तिला पाणी चुकत नाहीं! १६८५ मध्यें तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनीं देहूहून पालखी नेण्यास आरंभ केला, ती आषाढांत बारामतीवरून इंदापुरास येते. वाटेंत बेलवडीच्या रिंगणांत पताका घेतलेले वारकरी धांवतात, आणि सराटीपाशीं नीरेचें स्नान होतें. भिजलेली पताका पुढें कार्तिकीला पुनः निघते तेव्हां तिचा फिकटलेला रंग पाहून कोणाला वाईट वाटत नाहीं. उलट तो तिच्या वारीचा दाखलाच असतो. राष्ट्रध्वजाला ही सवलत नाहीं.

राष्ट्रध्वजाचे मोठे दिवसहि पुष्कळसे हिंवाळ्यांतलेच. २६ जानेवारी १९३० रोजीं देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा झाली. १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांत फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. तेथें ध्वज वर चढतां चढतां मध्येंच अडकला, आणि एक धाडसी तरुण त्या उंच खांबावर सरसर चढून गेला तेव्हां तो मोकळा झाला. त्या तरुणाचें कौतुक सर्वांनीं केलें आणि तें योग्यच होतें. पण अशा प्रसंगीं मला कौतुकाइतकीच कप्पीची आठवण होते. सुती दोरी दंवानें आखडते आणि उन्हानें सैल पडते. संध्याकाळीं ताणून बांधलेली दोरी पहांटे कप्पीला आणि खुंटीला ओढ देते. रात्रीं ती थोडी सैल सोडावी, आणि समारंभाच्या आदल्या दिवशीं रिकामी दोरी एकदां वरखालीं फिरवून पाहावी.

२२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें तिरंगा स्वीकारला. पुढें त्याच्या खादीचें, मापांचें आणि रंगांचें प्रमाण ठरलें. महाराष्ट्रांत नांदेडला ही खादी तयार होते. ध्वज उघड्यावर असेल तर शक्यतों सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच लावावा, मग हवा कशीहि असो, असें २००२ ची ध्वजसंहिता सांगत होती. नियम करणारांच्या मनांत दंवाचा विचार नसेल. परंतु सूर्यास्ताच्या त्या एका शब्दानें कापडाला रोजची विश्रांति मिळे. ३० डिसेंबर २०२१ रोजीं यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजास मान्यता मिळाली, आणि जुलै २०२२ पासून घरावरील ध्वज रात्रंदिवस ठेवण्यास मुभा झाली. घरोघर ध्वज पोंचला ही आनंदाची गोष्ट होय. पण तो उतरविण्याची वेळच नाहींशी झाली, आणि पॉलिएस्टर दंवाला दाद देत नसलें तरी उन्हाला देतेंच. मोकळी कड प्रथम विरते, मग शिवण सुटते, मग एखाद्या गच्चीवर चिंध्या लोंबतांना दिसतात. आणि फाटका ध्वज लावणें हें तर संहितेला आजहि मंजूर नाहीं.

ज्यांना मुभा असूनहि जुना क्रम पाळावयाचा आहे, त्यांनीं सूर्यास्तापूर्वीं, दंव पडण्याच्या आधीं, ध्वज उतरवावा. ओलसर लागला तर सावलींत वाळवून मगच घडी घालावी, आणि घडी लोखंडी पेटींत उघडी न ठेवतां स्वच्छ कापडांत गुंडाळावी. काठी लोखंडी असेल तर पावसाळा संपतांच गंज खरवडून रंग द्यावा; वेळूची असेल तर बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये. मोकळ्या कडेची शिवण डिसेंबरच्या अखेरीस पाहावी, म्हणजे सव्वीस जानेवारीपूर्वीं दुसरा ध्वज आणण्यास अवधि राहतो. जीर्ण झालेला ध्वज एकांतांत, शक्यतों जाळून, सन्मानानें नाहींसा करावा, असें संहितेंत सांगितलें आहे.