लिनक्स कर्नल आणि बाह्य यूएसबी डिस्क : अपवादांच्या एका यादीचा इतिहास

संगणकास बाहेरून जोडावयाच्या नाना साधनांसाठी एकच सर्वमान्य जोड असावी, या हेतूने यूएसबी प्रमाणाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे आरंभिलेल्या लिनक्स कर्नलच्या जानेवारी २००१ मधील २.४ या आवृत्तीत यूएसबीचा व्यापक अंतर्भाव झालेला दिसतो. बाह्य डिस्कसाठीचा ‘यूएसबी-स्टोरेज’ हा ड्रायव्हर मुख्यतः मॅथ्यू डार्म यांनी घडविला. प्रमाण लिखित होते व ड्रायव्हर त्यास अनुसरून होता. तरीही अनेक डिस्क लिनक्सवर चालत नसत. याचे कारण प्रमाणाच्या शब्दांत नव्हे, तर उत्पादनाच्या व्यवहारात शोधावे लागते.

साधन विंडोजवर चालले की ते निर्दोष, अशी अनेक उत्पादकांची धारणा असे. साधनाची ओळख विचारताना विंडोज ३६ बाइटांचे उत्तर मागे. त्याहून अधिक मागितल्यास काही साधने निश्चेष्ट होत. म्हणून लिनक्सनेही प्रथम ३६ बाइटच मागण्याचा प्रघात स्वीकारला. काही डिस्क शेवटच्या खंडाचा क्रमांक कळविण्याऐवजी खंडांची एकूण संख्या कळवीत. खंडांची गणना शून्यापासून होत असल्यामुळे कर्नलला एक खंड अधिक भासे, आणि अस्तित्वातच नसलेला तो खंड वाचू जाता डिस्क अडून बसे.

अशा साधनांची उत्पादक-क्रमांक व साधन-क्रमांक यांनुसार केलेली यादी, प्रत्येकास द्यावयाच्या सवलतीसह, ‘अनयूज्वल डेव्ह्ज’ या फाइलीत ठेवण्यात आली.

जुन्या पद्धतीत डिस्कला एका वेळी एकच आज्ञा देता येई. अनेक आज्ञा एकदम स्वीकारणाऱ्या ‘यूएएस’ पद्धतीचा ड्रायव्हर २०१४ मधील ३.१५ या आवृत्तीपासून सर्वसाधारण वापरास खुला झाला, आणि जुनाच पेच नव्याने उद्भवला. यूएएस येते असे सांगणाऱ्या काही चिप भार पडताच जोड तोडीत. चालू असलेले लेखन त्यामुळे धोक्यात येई. अशा वेळी ‘डीमेसेज’ने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात, ‘एलएसयूएसबी’ने साधनाचे क्रमांक काढावेत, आणि ‘क्वर्क्स’ या प्राचलात त्या क्रमांकांपुढे ‘यू’ हे अक्षर देऊन डिस्क जुन्या पद्धतीवर आणावी, हा उपाय रूढ झाला. वेग घटतो, परंतु डिस्क स्थिर चालते. दोष सिद्ध झालेल्या साधनांची नोंद पुढे कर्नलमध्येच कायम होऊ लागली.

या उपायासही मर्यादा आहे. एकच चिप अनेक उत्पादकांच्या डब्यांत त्याच क्रमांकाने आढळते. त्यामुळे सदोष डिस्कसाठी केलेली नोंद निर्दोष डिस्कचाही वेग रोखते. तथापि ही यादी नसती, तर प्रमाणाशी एकनिष्ठ असलेला ड्रायव्हर प्रत्यक्षातील अनेक डिस्कना निरुपयोगी ठरला असता. लिनक्सवरील यूएसबी डिस्कची सुसंगती प्रमाणाने जेवढी घडविली, तेवढीच प्रमाणभंगाच्या या चिकाटीने राखलेल्या नोंदींनी घडविली, असा निष्कर्ष निघतो.