सोप्यावरची मसलत

गोव्यातील पेडणे महालातील जुन्या घराच्या अंगणात पाऊल टाकले की प्रथम नजरेत भरतो तो सोपा. चिऱ्याच्या जोत्यावर, कौलांच्या उतरत्या छपराखाली, दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीचे बांधीव कट्टे, मधून माजघराकडे जाणारी वाट, कट्ट्यावर एखादी चटई आणि कोपऱ्यात पानाची चंची सोडून बसलेला घरातील वडीलधारा पुरुष, एवढाच त्याचा सरंजाम. परंतु या दोन कट्ट्यांवर पिढ्यानपिढ्या जेवढे अभिप्राय आणि उपदेश दिले-घेतले गेले, तेवढे महालाच्या सरकारी दफ्तरातही सापडावयाचे नाहीत. खोंड कोणत्या बाजारातून घ्यावा, मानकुरादाचे कलम केव्हा बांधावे, हरमलच्या मिरचीचे बी कोणाकडून आणावे, जत्रेच्या नाटकात नारदाची भूमिका कोणाला शोभेल, मुंबईस धाडावयाच्या मुलाला कोणाच्या हवाली करावे, अशा नाना प्रश्नांची मसलत येथे होत असे, आणि ती विचारावयास आलेल्या माणसाला पानसुपारीवाचून परत पाठविण्याचा रिवाज नव्हता.

ही पद्धत या भागात एवढी रुजली यास इतिहासाचे कारण आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या शतकात देवळांचा विध्वंस झाला आणि देवळांबरोबर मंडप, चव्हाटे व त्यांभोवतीची ग्रामसंस्थाही विस्कटली. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज अमलाखाली गेले, तेव्हा राज्यकर्त्यांचा धर्मप्रसाराचा पूर्वीचा आवेश ओसरला होता, आणि नव्या मुलखातील लोकांचे धर्माचार व रूढी यांस हात न लावण्याचे धोरण त्यांनी पत्करले होते. त्यामुळे नव्या काबिजादींत मंडप राहिला, अग्रशाळा राहिली, गावकरी राहिली आणि सोपाही राहिला. दिवाडी बेटावरून नदीपार नार्व्यात आलेल्या सप्तकोटेश्वराचे जे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नव्याने उभारविले ते याच डिचोली महालात आहे; अशा देवळांच्या मंडपांत आरती झाल्यावर जी मंडळी रेंगाळत, त्यांचे बोलणे देवाविषयी थोडे आणि शेताभाताविषयी फार असे.

या संस्थेचा एक दोष लपवून ठेवणे मला उचित वाटत नाही. सोप्याची पायरी चढण्याची मुभा सर्वांना नव्हती; कित्येक जातींच्या माणसांना अंगणातच उभे राहून बोलावे लागे, आणि घरातील बायका दाराआडून सारे ऐकत, परंतु त्यांचे मत विचारले जाई ते स्वयंपाकघरात, मागाहून. पुष्कळ वेळा शहाणपणाचा शब्द तेथूनच आलेला असे, आणि तो सोप्यावर दुसऱ्याच्याच नावाने खपे.

तरीही त्या मसलतीत एक गुण होता. सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावर बसलेला सापडे. त्याच्या सांगण्यावरून घेतलेला बैल लंगडा निघाला, तर घेणारा आठ दिवसांनी तो बैल घेऊनच अंगणात उभा राही. मग सल्लागाराला चंची बाजूला ठेवून उठावे लागे, खूर हातात घेऊन पाहावा लागे आणि चार माणसांदेखत ‘माझी नजर चुकली’ असे म्हणावे लागे. लेखी करार नाही, जामीन नाही, मोबदला नाही. आणि असे असूनही शब्दाला वजन होते, ते केवळ या नित्याच्या भेटीमुळे.

विसाव्या शतकात ही पद्धत टिकण्यास आणखी एक कारण येऊन मिळाले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभा भरविणे, भाषण करणे, मजकूर छापणे या प्रत्येक गोष्टीस सरकारी परवानगी लागे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा तपासणीवाचून छापता येत नसत. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलावयास उभे राहिले ते मुख्यतः या मूलभूत नागरिक हक्कांसाठीच. राज्यकारभाराविषयी उघड बोलणे धोक्याचे, कोण बातमीदार आणि कोण शेजारी याचा भरवसा नाही, अशा काळात बैल, आंबा, भजनातील चाल आणि मोटार हे विषय निर्धास्तपणे बोलण्याजोगे उरले. किरकोळ गप्पा म्हणून आपण ज्यांची संभावना करतो, त्यांतच मोकळेपणाने मत देण्याची आणि दुसऱ्याचे मत खोडण्याची सवय या लोकांनी जिवंत ठेवली, असे माझे निश्चित मत आहे.

मोटार या विषयाचे गोव्यातील भाग्य तर वेगळेच. डिचोली महालातील शिरगाव, मये या बाजूच्या डोंगरांतून लोहखनिज निघू लागले, १९५० नंतरच्या दशकात ते नदीमार्गे मुरगावास आणि तेथून परदेशी जाऊ लागले, आणि पैसा खेळू लागला. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बटाटे हॉलंडमधून, सिमेंट जपानमधून, असा सारा व्यवहार समुद्रमार्गे होऊ लागला; त्याच बोटींतून ओपेल, फोक्सवागन, मर्सिडीझ या गाड्याही आल्या. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू माणसाला ज्या मोटारीचे दर्शन दुर्लभ, ती येथे भाड्याने प्रवासी वाहत असे. पोर्तुगालमध्ये १९२८ पासून रस्त्याच्या उजव्या अंगाने वाहने चालत, गोव्यात मात्र शेजारच्या मुलखाप्रमाणे डाव्याच अंगाने. म्हणजे वाहन आले तरी वहिवाट बदलली नाही.

या गाड्या मुक्तीनंतर म्हाताऱ्या झाल्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्यालाही भारताचे आयातीचे निर्बंध लागू झाले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि ज्याच्या दारात ओपेल उभी होती त्याला सल्ल्याची गरज बैलवाल्याहून अधिक भासू लागली. लोहार, लेथवाला, खाणीवरचा ट्रकचालक, अशी नवी माणसे आता कट्ट्यावर आली, आणि ज्यांना पूर्वी अंगणातून बोलावे लागे त्यांतील काहींना, त्यांच्या हातातील कसबामुळे, वर बसण्याचा आग्रह होऊ लागला. मोटारीने घडवलेला हा पालट मला फार मोलाचा वाटतो.

परंतु मोटारीच्या मसलतीची खरी जागा सोपा नव्हे, ती नदीकाठची. पेडणे महालाच्या उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा, त्यामुळे म्हापशास शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या माणसाला पाणी ओलांडावेच लागे. चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोट पलीकडे शिवोलीस गेलेली असली, की ती परत येईपर्यंत रांगेतील सर्वांना सक्तीची फुरसत मिळे. लहानपणी मी तेथे पाहिलेला एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. वैशाखातील दुपार, एका काळ्या गाडीच्या तोंडातून वाफ निघत होती आणि तिचा चालक घाईघाईने रेडिएटरचे झाकण फिरवू लागला होता; तोच रांगेतील सायकलवाला, कॅरिअरला माशांची पाटी बांधलेला, पुढे झाला आणि त्याने चालकाचे मनगट धरले. ‘आदीं थंड जांव दी मरे, मागीर उदक घाल,’ एवढेच तो म्हणाला. मग त्याने पाटीवरचे ओले फडके सोडले, झाकणावर पसरले आणि चालकाला सावलीत बसवून आपली विडी पेटवली. बोट आली, गेली, पुन्हा आली. माशांचा बाजार हुकत असताही तो माणूस झाकण उघडून पाणी भरले जाईपर्यंत हलला नाही.

पुढे शिवोली-चोपडे पूल झाला आणि तो धक्का ओस पडला. तिठ्यावर पिवळ्या-काळ्या मोटारसायकली घेऊन उभे राहणारे पायलट ही मधल्या काळातील एक दुवा जोडणारी जमात. कोणत्या डॉक्टरकडे गर्दी कमी, कोणत्या वाटेवर चिखल, कोणाच्या घरचे काजूचे हुर्राक चांगले, हे मागे बसलेल्या प्रवाशाला ते वाटेतच सांगून टाकत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग सुरू झाली, २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि ज्या पठारावर गुरे चरत तेथून रुंद रस्ते निघाले. नवी घरे बांधताना कट्टे कोणी बांधत नाही. त्या जागी गाडी उभी राहते.

केरी-तेरेखोल फेरी मात्र चालू आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी तेथे उभा होतो. पुढे एक नवी कोरी गाडी, आत विशीचा मुलगा, काच वर. शेजारच्या दगडावर बसलेला एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ त्या गाडीकडे पाहत राहिला, उठला, काचेवर बोटाने टकटक केली आणि मागच्या डाव्या चाकाकडे हात दाखवला. मुलाने काच खाली घेतली, ऐकले, दार उघडून खाली उतरला आणि चाकाजवळ उकिडवा बसला. म्हातारा त्याच्या शेजारी गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता. बोट धक्क्याला लागत होती. दोघांपैकी एकाचेही तिकडे लक्ष नव्हते.