गुप्तांगावरच्या चामखिळी

१२. फुलकोबीसारख्या खरबरीत दिसणाऱ्या या चामखिळींना एकोणिसाव्या शतकात पुष्कळ डॉक्टर उपदंशाचा किंवा परम्याचा परिणाम मानत. ही टीप ज्या कथेवर आहे तिच्या लेखकाचा रोख त्याच समजुतीकडे आहे. खरे कारण एचपीव्ही हा विषाणू. जर्मनीत हाराल्ड झुर हाउसेन यांच्या चमूने १९८० च्या सुमारास त्याचा ६ क्रमांकाचा प्रकार चामखिळींतून वेगळा केला. तो आणि ११ क्रमांकाचा प्रकार मिळून दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचे १६ आणि १८ हे प्रकार निराळे.

संसर्गानंतर चामखीळ उठायला महिने, क्वचित वर्षेही जातात. त्यामुळे कथेतला नवरा बायकोवर घेतो तो संशय वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे.

निदान बहुधा नुसत्या डोळ्यांनी होते; शंका वाटल्यास तुकडा काढून तपासतात. उपदंशाचे चट्टे मात्र सपाट, ओलसर असतात आणि उपदंश रक्ततपासणीत कळतो.